रात्रीचा भात

बिबवेवाडीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक काकू राहतात. मुलगा-सून दोघंही आयटीत, म्हणून त्या रविवारी सकाळीच अख्ख्या आठवड्याचं वाटण करून डबे फ्रीजरमध्ये रचतात. भाजीची सालं गॅलरीतल्या कुंड्यांत जातात, उरलेल्या पोळ्यांची फोडणीची पोळी होते. बोलणं मात्र तिखट. मी एकदा कोथिंबिरीच्या काड्या कचऱ्यात टाकत होते, तर म्हणाल्या, "टाका, टाका. पगार वाढलेला दिसतोय."

गेल्या महिन्यात माझी आई वर्ध्याहून राहायला आली. तिनं लोकांची भांडी घासून, त्यांनी दिलेलं उरलंसुरलं खाऊन मला बी.कॉम. केलं. काकू तिच्यासाठी फोडणीची पोळी घेऊन आल्या, तेव्हा मी दारातच स्पष्ट सांगितलं, "काकू, आमच्या घरात आता कुणाचं शिळं येणार नाही." त्यांनी आईकडे एकदा पाहिलं आणि ताटली घेऊन परत गेल्या.

मला वाटलं, संपलं बोलणं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रिकामं पातेलं घेऊन दारात उभ्या. माझ्याकडे न बघता थेट आईला म्हणाल्या, "अहो, रात्रीचा भात उरलाय का तुमच्याकडे?"

आई गोंधळली. "शिळा हाये जी."

"शिळाच हवाय. ताजा फोडणीला टाकला की गिच्च होतो."

आईनं पदराला हात पुसले आणि भात हातानं मोकळा करून सगळाच पातेल्यात घातला.

आता ती रोज रात्री मूठभर तांदूळ जास्त लावते. उरला पाहिजे, म्हणते.