घासून गेलेला नंबर

आमच्या भाऊजींना घरी बोलवायचं म्हणजे डोक्याला ताप. माणूस आत येतो, चहा घेतो आणि बोलता बोलता तुमच्या कपाटावरून हात फिरवायला लागतो. कुठं पोचा असला, कुठं रंगाला फुगा आला असला, की यांचं बोट नेमकं तिथंच. माझा नवा फ्रिज आणताना त्याला बारीकसा पोचा आला होता, म्हणून मी ती बाजू मुद्दाम भिंतीकडे करून ठेवली होती. भाऊजींनी फटीत हात घालून तो शोधला. नव्या फ्रिजचा माझा सगळा आनंद तिथंच संपला.

धंदाच तो. गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग. आपटलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करायचे, पुट्टी भरायची आणि पॉलिश पेपरनं घासत बसायचं, यात उभा जन्म गेला. गल्लीच्या टोकाला, घरासमोरच त्यांची शेड आहे. तिथून बाहेर पडलेल्या गाडीला कधी ठोकर बसली होती, हे तिच्या मालकालासुद्धा सांगता येत नाही. एरवी माणूस सज्जन, बोलायला कमी, पण धरलं ते सोडणार नाही. अशाशी संसार करायला आमची ताईच हवी. ती रंगाच्या दुकानात कामाला होती. गाडीच्या जुन्या रंगाशी जुळेल अशी छटा डब्यात मिसळून द्यायची. "जरा अजून गडद" म्हणत भाऊजींनी तिथं इतक्या चकरा मारल्या, की शेवटी दुकानदारानंच विचारलं, बाबा रे, तुला रंग हवाय की मुलगी?

पुढं ताईच्या पाठीच्या कण्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली आणि तिच्याबरोबर पायही गेले. व्हीलचेअर आली. ताई उंच, हाडापेरानं मजबूत. तिला खुर्चीतून गाडीत बसवायचं म्हणजे दोघांनी काखेत हात घालून उचलायचं. एकदा दवाखान्याच्या दारात भाऊजींच्या पाठीत उसण भरली आणि ताई खाली आदळली. लागलं फारसं नाही. पण माणसं गोळा झाली. कुणी खांदे ओढतंय, कुणी पाय धरतंय, जो तो आपली अक्कल सांगतोय, आणि ती मध्ये पोत्यासारखी पडलेली. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "यापुढं मला कुणी उचलायचं नाही."

आणि ती घराबाहेर पडलीच नाही. डॉक्टर घरी यायचे, केस कापणारी घरी यायची. मी समजावलं, भांडले, रडलेसुद्धा. पालथ्या घड्यावर पाणी. दोन वर्षं ताई फाटकाच्या पलीकडं गेली नाही.

सैन्यानं जुन्या गाड्या लिलावात काढल्या आहेत, असं भाऊजींना कुणा ट्रकवाल्याकडून कळलं. नुसतं बघायला म्हणून गेले आणि एक मोडकी रुग्णवाहिका ट्रकला बांधून ओढत घेऊन आले. हिरवी, चौकोनी, डबक्यात बसलेल्या म्हशीसारखी. मला वाटलं, झालं, माणसाचं डोकं फिरलं. पण त्यांनी मागची दोन्ही दारं उघडून मला आत बघायला लावलं. रुंद दार, आत माणूस ताठ उभा राहील एवढी उंची. "इथं लोखंडी उतार लावायचा," ते म्हणाले. "ती खुर्चीसकट आपली आपण चढेल. कुणी हात लावायचा नाही."  गाडी त्यांनी ताईच्या नावावर घेतली होती. तिची गाडी, तिच्या नावावर, सरळ हिशेब.

आता सैन्याची गाडी दारात आणणं सोपं, पण ती रस्त्यावर आणायची म्हणजे नाकी नऊ येतात. सैन्यात तिचे कायदे वेगळे. बाहेर आली की नव्यानं नोंदणी, नव्यानं पासिंग, तेव्हा कुठं तिला नंबरपट्टी मिळणार. भाऊजींनी ब्रेक बदलले, दिवे बदलले, एका मित्राकडून इंजिन दुरुस्त करून घेतलं आणि गेले आरटीओच्या कचेरीत. पहिल्याच खिडकीत सांगितलं, सैन्याचा हिरवा रंग खासगी गाडीला चालत नाही, बदलून या.

दुसरा कुणी असता तर वरूनच पांढरा हात मारून मोकळा झाला असता. पण ही गोष्ट सांगितली कुणाला, तर आमच्या भाऊजींना. आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन! जुन्या रंगावर नवा रंग चढवणं त्यांच्या लेखी पाप. सैन्यानं मात्र त्या गाडीला वर्षानुवर्षं रंगावर रंगच फासला होता. भाऊजींनी सगळा खरवडला, पत्र्यापर्यंत गेले, मग पत्र्याखालच्या सांगाड्यापर्यंत गेले. ग्राइंडर लावून गंजाचे खड्डे घासले, उरले ते भरले, परत घासले. रंग निवडायचं काम ताईचं. भाऊजी रंगवलेले पत्र्याचे तुकडे घेऊन खिडकीशी यायचे आणि ती नाक मुरडायची. शेवटी सायीसारखा पांढरा पसंत पडला. गाडी तयार झाली तेव्हा अख्खी गल्ली बघायला आली. चाकांच्या मागची, कुणाला कधी दिसणार नाही अशी बाजूसुद्धा ताटासारखी गुळगुळीत. ताई खिडकीतून बघत होती. जायचं कुठं हे तिनं सांगितलं नाही, पण उतार कधी बसवणार हे मात्र तिनं स्वतःहून विचारलं.

पासिंगच्या दिवशी गाडीमागून मीही गेले. तपासणीला एक बाई होत्या, हातात बॅटरी. ब्रेक बघितले, दिवे बघितले, मान डोलावली. मग कागद बघून पुढच्या चाकामागं वाकल्या आणि सांगाड्याच्या पट्टीवर उजेड टाकला. प्रत्येक गाडीच्या सांगाड्यावर एक नंबर ठोकलेला असतो, चासी नंबर म्हणतात त्याला. गाडीची ओळख काय ती तेवढीच. बाईंनी पट्टी बोटांनी चाचपली. पलीकडची बाजू बघितली, परत अलीकडं आल्या आणि उठून विचारलं, नंबर कुठाय?

भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना तिथंच उमगलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला. ते गंजाचे खड्डे नव्हते, आकडे होते. गंजानं आणि खाचांत मुरलेल्या रंगानं त्यांचा आकार गेला होता. साध्या गाड्यांचा नंबर कुठं असतो हे भाऊजींना पाठ आहे, तिथं ते आधी चिकटपट्टी लावतात आणि मगच घासतात. या गाडीचा नंबर भलत्याच जागी होता. आणि खड्डा दिसल्यावर या माणसानं जन्मभर जे केलं तेच केलं.

"कागदावरचा नंबर लोखंडावर दिसला पाहिजे," बाई म्हणाल्या. "नाही दिसला तर ही गाडी कुणाचीही असू शकते. चोरीचीसुद्धा." आवाज चढवला नाही, पण शेरा मारला, नामंजूर. असंच राहिलं तर गाडी भंगारात जाणार. वरच्या साहेबांकडे दाद मागता येईल, पण मालकानं स्वतः हजर राहायला हवं.

मालक म्हणजे ताई.

भाऊजींनी घरी काय सांगावं? साहेब रजेवर आहेत. पुढच्या खेपेला तपासणीचं यंत्र बिघडलं. त्यापुढच्या खेपेला आणखी काहीतरी. ताईच्या नकळत दोनदा कचेरीत जाऊन हातापाया पडून आले, तिच्याऐवजी मी चालेन का म्हणून. नाही चालणार. मग शेडमध्ये जायचे आणि काम सोडून त्या पांढऱ्या गाडीशेजारी स्टुलावर बसून राहायचे. मला बघवेना आणि राग तर अनावर झाला. एका दुपारी मी ताईपुढं सगळं भडाभडा सांगून टाकलं. भाऊजी दारात उभे होते, मान खाली.

ताईनं भाऊजींकडं बघितलं. मग म्हणाली, "तुम्हाला खड्डा बघवत नाही हे मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे. त्यात लपवण्यासारखं काय होतं?"  ताईनं खुर्ची माझ्याकडं वळवली. "टॅक्सी बोलाव. आणि उचला मला."

नामंजूर झालेली गाडी रस्त्यावर काढता येत नव्हती. आजही ते आठवलं की मला भरून येतं. मी, टॅक्सीवाला आणि कमरेला पट्टा आवळून भाऊजी. ताईनं डोळे मिटून घेतले, दातावर दात धरले. घरातून टॅक्सीत, टॅक्सीतून खुर्चीत आणि मग खुर्चीसकट कचेरीच्या पायऱ्या चढायच्या. कुणी एक भला माणूस मदतीला म्हणून पुढं आला आणि त्यानं तिचा पाय धरला. ताईनं डोळे उघडून त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं हात काढून घेतला आणि मुकाट्यानं खुर्ची धरली.

साहेबांपुढं भाऊजींनी पाठ करून आणलेलं सुरू केलं, तर ताईनं हातानंच थांबवलं. तिनं सरळ सांगितलं, नंबर नवऱ्याच्या हातून गेला, यात चोरी नाही, वेडेपणा आहे. साहेब कागद चाळत होते. ते वर बघेपर्यंत ती थांबली.

"आज मला चौघांनी उचलून इथं आणलंय," ती म्हणाली. "परत कुणी उचलू नये म्हणून ही गाडी घेतलीय. त्या लोखंडात नंबर उरलाय का, ते तपासू द्या. नसला तर गाडी भंगारात घाला. मी परत यायची नाही."

साहेब काही विरघळले वगैरे नाहीत. नियमांचं पुस्तक काढलं, वाचलं, अशा तपासणीची सोय आहे म्हणाले आणि सही केली. मला तेवढं पुरे होतं.

तपासायला पोलिसांच्या प्रयोगशाळेतला माणूस आला, बरोबर त्या बाई. शेडच्या तोंडाशी ताई खुर्चीत बसलेली. त्या माणसानं समजावलं, की आकडा ठोकला की खालचं लोखंडही दबतं. वरून घासला तरी आम्ल लावल्यावर तेवढी जागा वेगळी दिसते, थोडा वेळ. मात्र फार खोल घासलं असेल तर सगळंच संपलं. किती खोल घासलंय, असं त्यानं भाऊजींना विचारलं.

"मी कधी कमी घासत नाही," भाऊजी म्हणाले. एवढं केविलवाणं वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

आधी रंग काढायचा होता. भाऊजींनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आपलाच तो सायीसारखा रंग स्वतः खरवडायच्या पत्रीनं सोलून काढला. मग त्या माणसानं कापसानं आम्ल लावलं. उग्र वास आला, दिसलं काही नाही. परत लावलं, परत काही नाही. भाऊजी तिथंच जमिनीवर बसले. मी ताईकडं बघायची हिंमत केली नाही. त्या माणसानं कापूस बदलला आणि पुन्हा सुरुवात केली.

"आठ," एकदम बाई म्हणाल्या. त्या वाकून बघत होत्या. मग हळूहळू एकेक करड्या सावल्या वर आल्या. त्या माणसानं फोटो काढले, बाईंनी कागदाशी ताडून बघितलं. शेवटचा आकडा काही आला नाही, पण बाकीचे सगळे जुळले आणि एवढं पुरे असं त्या म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात कचेरीच्या माणसानं हातोडी मारून तोच नंबर नव्यानं ठोकला. एवढ्या गुळगुळीत पट्टीवर कुणी खड्डे पाडतंय, हे बघताना भाऊजींचे डोळे प्रत्येक घावाला मिटत होते. पासिंग झालं. नंबरपट्टी लागली.

पहिल्या दिवशी ताई उतारावर अर्ध्यात पोचली आणि खुर्ची मागं घसरली. भाऊजींचे हात आपोआप पुढं आले. "हात मागं," ताई म्हणाली, दम खाल्ला आणि चढली. खुर्ची आत कड्यांना अडकवली. कुठं जायचं, भाऊजींनी विचारलं. मला वाटलं, माझ्याकडं म्हणेल, नाहीतर कुठं मोकळ्या हवेत.

"चपला घ्यायच्यात," ताई म्हणाली.

कशाला, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. जीभ चावली.

बाजारपेठेत दुकानासमोर गाडी लावली. मी आणि भाऊजी उतरायला लागलो, तर मागून तिचा आवाज आला. "तुम्ही दोघं गाडीतच बसा." ती उतारावरून खाली गेली, रस्त्यातल्या माणसांना बाजूला व्हायला सांगितलं आणि दुकानात शिरली. दुकानाला काच होती, आम्हाला सगळं दिसत होतं. दुकानदारानं एक जोड दाखवला, तिनं नाक मुरडलं. दुसरा दाखवला, तोही परत केला. भाऊजींचा हात दाराच्या कडीवर. किती वेळ लागतो म्हणे चपला घ्यायला. मी म्हटलं, भाऊजी, दोन वर्षं तुम्ही आणाल त्या घातल्यात तिनं, आता लागू दे वेळ. त्यांनी कडीवरचा हात काढला आणि रडायला लागले, मोठ्या माणसांसारखं नाही, अगदी हुंदके देऊन. 

आत दुकानदार शिडीवर चढून आणखी एक खोकं काढत होता. ताईला घाई नव्हती.