हात लाव

कोंडिबा सहा दिवस थेंबाला शिवत नसे. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात दिवसभर पाठीवर गोण्या वाहणाऱ्याला ते परवडतही नाही. पण रविवारी बाजार बंद. सहा दिवस एकादशी आणि सातव्या दिवशी शिमगा! सकाळी दहालाच तो आणि भैरू तुर्भ्याच्या खोलीत बसत, ते आडवे होईपर्यंत. "बेवडा त्यो, जो रोज पितो. आपलं आठवड्याचं हाय," असं भैरू छाती काढून सांगे.

दोघं साताऱ्याकडचे, एका गावचे, कामातही जोडीदार. भरली गोणी एकट्याने पाठीवर घेता येत नाही. "हात लाव" म्हटलं की दुसऱ्याने ती उचलून चढवायची. दिवसातून शंभरदा तरी ही हाक दोघांच्या तोंडी असे.

त्र्याण्णवच्या एका रविवारी, भर दुपारी, उताणा पडलेला भैरू पुटपुटला, "कोंड्या, हात लाव."

कोंडिबा खो खो हसला. "आरं, आज सुट्टी हाय! झोपंतबी गोण्या उचलतूस व्हय?"

भैरूने हात जरासा वर करून पुन्हा तेच म्हटलं. कोंडिबाने कूस बदलली. संध्याकाळी त्याला जाग आली तेव्हा भैरू थंडगार पडला होता. उलटी घशात अडकली होती. नुसतं कुशीवर वळवलं असतं तरी वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले.

भैरूची बायको नंदिनी गावाहून आली. तिने एकच विचारलं, "शेवटी काय बोललं का?"

"काय न्हाई, वहिनी. झोपंतच गेला."

बाईने देवाला हात जोडले.

तेव्हापासून बाजारात कोणीही "हात लाव" म्हटलं की कोंडिबा दचकून वळून बघे. तोंड दुसऱ्याचं, आवाज भैरूचा. तो ऐकू येऊ नये म्हणून रविवारी कोंडिबा आणखी प्यायचा, आणि रविवारीच तो अगदी जवळून यायचा, शेजारच्या रिकाम्या गोधडीवरून. एकदा वस्तीत आरोग्याची पाहणी करणारी बाई आली.

"रोज पिता का?"

"न्हाई. आठवड्यातनं एकदा."

तिने कागदावर खूण केली आणि पुढच्या दाराशी गेली. एका बैठकीत किती, हे तिने विचारलंच नाही. विचारलं असतं तर त्याने सगळंच ओकून टाकलं असतं.

तीन वर्षांनी नंदिनी त्याच बाजारात कांदा निवडायला लागली. एका सकाळी भरलेली पाटी पुढ्यात ठेवून ती म्हणाली, "भावजी, जरा हात लावा."

कोंडिबाचे हात उचलेनात. मग त्याने सगळं सांगितलं. भैरूची हाक, आपलं हसणं, बदललेली कूस.

"म्हंजी त्यांनी हाक मारली व्हती," नंदिनी म्हणाली. "दोनदा."

"व्हय."

भानावर येऊन कोंडिबाने पाटीला हात घातला. तिने तो बाजूला सारला. पाटी गुडघ्यावर टेकवून, दातओठ खात, तिने ती एकटीनेच डोक्यावर घेतली आणि चालू लागली.