जिंकलेला बांध

पाऊस लागला की शहाणी माणसं शेतातून घरी येतात. आमच्या वन्सं घरातून निघून शेतावर जातात. डोक्यावर छत्री, पायात रबरी बूट, आणि खांद्याला प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला गव्हाचा भुसा. हरिशंकरपुरमच्या आमच्या गल्लीतून त्या अशा निघाल्या की शेजारीण गच्चीवरचे कपडे काढता काढता विचारायची, दीदी कुठे चालल्या? मी सांगायची, पाण्याला भुसा खाऊ घालायला. पहिल्यांदा हे मी चिडून म्हटलं होतं. आता म्हणते तेव्हा माझी छाती फुगते, खोटं कशाला बोलू.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवली, निवृत्त झाल्या, आणि लगेच घरात जाहीर करून टाकलं की मुरारच्या पुढची आपली जमीन आता मी करणार, बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, द्यायची नाही. ही जमीन आमच्या घराण्यात कधीपासून आहे ते विचारू नका. दक्खनेतून घोड्यावर बसून आलेल्या कुणा पूर्वजाला मिळाली म्हणतात. घोडा गेला, तलवार गेली, विम्याच्या ऑफिसात बसणारा माझा नवरा उरला आणि ही जमीन उरली. नवऱ्याला तिचं प्रेम वर्षाचा गहू आणि सरसोंचं तेल घरी येण्यापुरतं. वन्सं एकदा भाजी निवडताना मला म्हणाल्या होत्या की जन्मभर आधी वडिलांच्या घरात राहिले, मग भावाच्या, शाळा तर सरकारचीच. आता एक जागा अशी हवी जिथे काय करायचं ते मी ठरवेन. मी मेथी निवडत राहिले.

पण त्या जमिनीला रोग लागला होता. बीहड कसे होतात ते आम्हा इकडच्या लोकांना सांगावं लागत नाही. आधी बोटभर ओघळ, मग नाली, मग माणूस आत उतरला तर दिसेनासा होईल अशी घळ. आमच्या रानाच्या मधोमध तशी एक घळ दरवर्षी थोडी थोडी वर सरकत चालली होती आणि तिचं तोंड थेट विहिरीच्या रोखानं होतं. खर्चाचं तर बोलायलाच नको. डीएपीसाठी रांगेत उभं राहायचं, युरिया आणायचा, ट्रॅक्टरवाल्याचं डिझेल भरायचं, बियाणं दर वर्षी आणखी महाग. एवढं सगळं मातीत घालायचं आणि एक दणक्याचा पाऊस ती मातीच उचलून नाल्यात नेणार. खाली उरते ती पिवळी, कडक, ढेकळांची जमीन. तिच्यात सरसों उभी करायची तर पुढल्या वर्षी खत आणखी जास्त. वन्सं म्हणायच्या, आपण शेत पोसत नाही, नाला पोसतो.

ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, त्यावर शहरी इलाज केला. उन्हाळ्यात जेसीबी लावून घळ भरून टाकली. भरायला माती कुठली? तर बाजूच्या चांगल्या रानावरचीच, वरची काळसर माती खरवडून. दोन दिवस रान असं सपाट दिसलं की ह्यांनी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. श्रावणात ती भुसभुशीत माती सगळी वाहून गेली, घळ पहिल्यापेक्षा रुंद झाली, आणि जिथली माती खरवडली होती तिथली बाजरी गुडघ्याच्या वर आलीच नाही. मी म्हटलं, वा, पैसे देऊन खड्डा विकत घेतलात. त्यावर हे भडकले आणि सांगून टाकलं की पुढच्या पावसात घळ विहिरीला लागली तर जमीन प्लॉटवाल्याला देऊन मोकळं व्हायचं. अण्णा, माझे सासरे, तिथेच बसले होते. जमीन त्यांच्या नावावर. तेही म्हणाले, विहीर गेली तर मग ठेवून काय उपयोग. वन्संचा चेहरा मी तेव्हा पाहिला.

दुसरी कुणी असती तर रडली असती, भांडली असती. मी तर ताट आपटलं असतं. ह्या बाईनं पावसाची वाट पाहिली. पाणी येतं कुठून, हे न बघता जातं तिथे माती काय घालायची, असं त्यांचं म्हणणं. म्हणून भुसा. पाऊस जोरात असताना वरच्या अंगाला उभं राहायचं, मूठभर भुसा पाण्यात सोडायचा, आणि त्याच्या मागे मागे चालायचं. एकदा मीही गेले बरोबर, खरं तर त्यांना ओढून घरी आणायला. नखशिखांत भिजले, चप्पल चिखलात गेली ती गेलीच. पण जे पाहिलं ते विसरणार नाही.

आमच्या वरच्या अंगाला कक्कांचं रान आहे. कक्का म्हणजे शेजारचे म्हातारे शेतकरी, सगळं गाव त्यांना कक्काच म्हणतं. त्यांच्या रानातलं पाणी उतारानं येत होतं, भुसा तरंगत तरंगत आमच्या हद्दीवर पोचला, तिथल्या उंच बांधाला टेकला, थबकला, आणि वळला. बांधाच्या कडेनं धावत कोपऱ्यापर्यंत गेला, आणि तिथून धबाधबा आमच्या रानात कोसळला, घळीच्या तोंडाशी. वन्संनी पुन्हा भुसा सोडला. पुन्हा तेच. बांध नसता तर ते पाणी सरळ आमच्या कडेच्या लांबट पट्टीतून खाली नाल्याला गेलं असतं. पूर्वी तसंच जात असणार, पट्टीत गोल झालेले दगड अजून सापडतात.

आता हा बांध कुणाचा, ते सांगते. ती कडेची पट्टी कोणाची, यावरून अण्णा आणि कक्का वर्षानुवर्षं कचेरीत भांडले. रुंदी किती, तर बैलगाडी जाईल एवढी. त्यापायी दोन घरांचं बोलणं बंद झालं, लग्नाच्या पत्रिका बंद झाल्या. शेवटी अण्णा जिंकले. निकाल लागला त्याच आठवड्यात त्यांनी पट्टीच्या तोंडाशी छातीएवढा बांध घातला, वर दगड रचले, आणि पुढे शेतावर गेले की आधी त्या बांधावर जाऊन उभे राहायचे. आमच्या घरात तो बांध म्हणजे अण्णांचा मानबिंदू. आणि पाणी त्यानंच आमच्या अंगावर घेतलं होतं.

रात्री जेवणं झाल्यावर वन्संनी अण्णांना सगळं शांतपणे सांगितलं. बांध मध्ये फोडायचा, पट्टीत पीक घ्यायचं नाही, दोन्ही कडांना मूंजेचं उंच गवत लावायचं, मध्ये दूब, म्हणजे हरळी, वाढू द्यायची, म्हणजे पाणी गवतावरून जाईल आणि माती धरून राहील. अण्णा ऐकत होते. मग म्हणाले, "मी मेल्यावर फोड."

वन्सं म्हणाल्या, "तोवर विहीर राहायची नाही अण्णा. तुम्ही तर राहणार आहात."

अण्णा उठून खोलीत गेले. त्यानंतर त्यांनी वन्संच्या हातचा चहा घेणं बंद केलं. मी करून दिला तरच प्यायचे, आणि माझा चहा त्यांना मुळीच आवडत नाही.

वन्संनी पुन्हा विषय काढला नाही. कक्कांना जाऊन विचारून आल्या तेवढं. त्यांच्या रानातही बांधामुळे पाणी तुंबतंय, बाजरी पिवळी पडतेय, त्यांना तर हवंच होतं. पण त्यांनी हात जोडले. त्या बांधाला मी हात लावला तर उद्या पुन्हा कचेरी, म्हणाले. तुझ्या बाबूजींनी सांगितल्याशिवाय एक ढेकूळसुद्धा हलवणार नाही. बरोबरच होतं त्यांचं. मग वन्सं हातात होतं ते करत राहिल्या. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीनं भरून घळीच्या तोंडाशी रचल्या. ट्रॅक्टरवाल्याला उताराला आडवं नांगरायला लावलं. वळणं जास्त, डिझेल जास्त म्हणून तो कुरकुरला, तर त्याच्याबरोबर उन्हात उभ्या राहिल्या. पाऊस आला की गोण्या पाण्यानं ढासळायच्या आणि ह्या पुन्हा रचायच्या. साठी उलटलेली बाई! हाताला फोड आले, कंबर धरली, आणि घळ नि विहीर यांच्यात आता दोन खाटा टाकाव्या एवढीच जागा उरली होती.

एका संध्याकाळी त्या चिखलानं माखून आल्या आणि पायरीवरच बसल्या, उठवेना त्यांना. अण्णा आत टीव्ही बघत होते. माझं डोकं फिरलं. मी आत गेले, टीव्ही बंद केला, आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांसमोर आवाज चढवला. म्हटलं, "अण्णा, केस तुम्ही जिंकलात आणि दंड वन्सं भरताहेत."

हे धावत आले मला आवरायला. अण्णा रिमोट हातात तसाच धरून बसून राहिले. रात्री मला झोप लागली नाही, फार बोलले की काय वाटत राहिलं. पण खरं सांगते, परत घ्यावंसं वाटलं नाही.

सकाळी उठून बघते तर अण्णा कोट घालून, टोपी घालून, काठी घेऊन दारात उभे. कचेरीच्या तारखेला जायचे तसे. ह्यांना म्हणाले, गाडी काढ. रात्रभर पाऊस पडून गेला होता, अजून रिमझिम चालू होती. शेतावर पोचलो तेव्हा पाणी बांधाला लागून वाहतच होतं. वन्संनी छत्री धरली. अण्णांनी भुशाची पिशवी मागितली, स्वतः मूठभर भुसा सोडला, आणि बांधाच्या कडेनं गेलेला, कोपऱ्यावरून कोसळलेला, विहिरीशेजारी गरगर फिरलेला भुसा डोळ्यांवर हात धरून पाहिला. मग थोडं पलीकडे जाऊन पुन्हा सोडला. तिसऱ्यांदाही सोडला. बांधाच्या पलीकडे कक्का येऊन उभे राहिले होते, डोक्यावर गोणपाटाची खोळ, हातात फावडं.

दोघं म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले. मग कक्काच म्हणाले, "बाबूजी, आप कहो तो."

काठी चिखलात रुतवून अण्णा म्हणाले, "हाँ कक्का. मारो."

पहिलं फावडं कक्कांनी मारलं. दगड ह्यांनी उचलले, ऑफिसचे बूट घालून. वन्सं आधी जागच्या हलल्याच नाहीत, मग एकदम वाकून हातांनीच माती ओढायला लागल्या. बांधाला खिंडार पडलं तसं पाणी आधी चाचरलं आणि मग पट्टीतून खाली निघालं.

मूंजेची रोपं कक्कांच्या सुनेनं आणून दिली, दूब पावसात आपोआप पसरली. भाद्रपदात एकदा असा पाऊस झाला की मुरारच्या बाजारात दुकानांत पाणी शिरलं. त्या दिवशी अण्णा स्वतःहून म्हणाले, चला बघून येऊ. गाडी बांधाजवळ उभी केली, त्यांनी काच खाली केली. पट्टी काठोकाठ भरून चालली होती. पण पाणी गढूळ कमी, गवतावरून पसरून, धिम्या चालीनं. घळीत एक थेंब कोसळत नव्हता. विहीर होती तिथे होती. वन्सं छत्री टाकून भिजत उभ्या होत्या, हसत होत्या आणि रडत होत्या, आणि मीही रडत होते, लपवून काय करू. प्लॉटवाल्याचं नाव त्यानंतर आमच्या घरात कुणी काढलं नाही.

अण्णा बराच वेळ ते पाणी बघत होते. मग वन्संना जवळ बोलावलं.

"पट्टी अरुंद पडतेय गं," ते म्हणाले. "आपल्या बाजूनं आणखी हातभर सोड."