कुजका कांदा

हिराचं नाक बुरोंडीच्या मासळीबाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. पाटीवरचं फडकं सारायच्या आत ती सांगायची, बांगडा आजचा की बर्फातला. कोरोनाच्या तापातून ती उठली खरी, पण वास गेला तो गेलाच. एकदा ती चुलीपुढे बसलेली असतानाच कालवण करपलं, आणि तिला पत्ता नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने बाजारच सोडला.

"शिळी मासळी कुणाच्या ताटात गेली तर?" एवढंच ती नवऱ्याला, खंडूला म्हणाली.

डॉक्टरांनी रोज लसूण ठेचून हुंगायला सांगितलं होतं. ती हुंगायची. नाकात नुसतं चुरचुरायचं, पण वास काही यायचा नाही. दिवसभर ओटीवर बसून राहायची.

तिची सून सलोनी आंजर्ल्याची. माहेरी भात निघालं की त्याच शेतात पांढरा कांदा लावत. थंडीत ती तिथून रोपांच्या जुड्या घेऊन आली.

"आई, घरामागच्या परड्यात लावूया."

"आम्ही दर्यावरची माणसं. कांदा आम्ही विकत आणतो गो."

"मग यंदा नका आणू," सलोनी म्हणाली आणि कुदळ घेऊन निघाली.

ती एकटीच खणतेय हे हिराला बघवेना. पदर खोचून तीही उतरली. मग विहिरीचं पाणी घालणं, तण काढणं, कोंबड्या हाकलणं यात तिचे दिवस भरून गेले. शिमग्यानंतर कांदे उपटले, सुकवले. पातीची वेणी घालून दोघींनी माळा विणल्या आणि पडवीत टांगल्या.

एका सकाळी हिरा केर काढता काढता थबकली.

"सलोनी, इथे काहीतरी कुजलंय."

सलोनीने माळा चाचपल्या. एका वेणीत आत एक कांदा मऊ पडला होता. तिने तो काढला, तसा हिराने हातातून ओढूनच घेतला आणि नाकाशी धरला. डोळे मिटून ती हुंगत राहिली.

"अगो, टाक तो," खंडू नाक मुरडत म्हणाला.

"थांबा जरा," हिरा म्हणाली.

सगळे वास अजून परतलेले नाहीत. दारातला मोगरा फुलतो, तो तिला नुसता दिसतो. मासळीचा मात्र येतो. हिरा पुन्हा बाजारात बसते, आणि यंदा परड्यात लसणीलाही वाफा काढायचा, असं दोघींचं ठरलंय.