माकडांनी टाकलेला कोळसा

मीझेच्या भट्टीवरचा कोळसा माकडं चोरायची आणि मीझे शिव्या घालत का होईना, चोरू द्यायची. तांबड्या पाठीच्या, पांढऱ्या झिपऱ्यांच्या या किमा माकडांना पेटे गावात सगळे विषारी म्हणत. ज्या झाडावर ते बसतील ते झाड वाळतं म्हणे. विष कसलं डोंबलाचं! बिचारे आंब्याची कोवळी पानं ओरबाडून खायचे, ती पोटाला बाधायची, मग उतारा म्हणून कोळसा चघळायचे. हाताला अंगठा नाही, तरी चार बोटांच्या आकड्यात तुकडा असा उचलायचे की बघत राहावं.

तिचा नवरा उस्सी पहाटे भट्टी बघायला गेला तो परतलाच नाही. मीझे गेली तर मातीने लिंपलेल्या भट्टीच्या माथ्याला भलंमोठं भगदाड, आत धगधग आणि उस्सीचा पत्ता नाही. आत वारा शिरून सगळ्या लाकडांची कोळशाऐवजी राख झाली असती. तिने चरफडत ओला पाला आणि माती टाकून ते बुजवलं.

शेजारची म्हातारी काझिजा म्हणाली, पेंबा बेटावरच्या त्या बाईकडे गेला असेल, दुसरं काय. मीझेला ते पटलं, कारण त्या बाईवरूनच आदल्या दिवशी दोघं भांडली होती. तरी कसावा शिजवताना ती दोघांपुरता टाकायची आणि मग स्वतःवरच चिडायची. कसाही असो, तो परत यायला हवा होता.

भट्टी निवली. मीझेने कडेचा कोळसा ओढून काढला. किमा आले, आंब्यावर बसले, पण खाली कुणी उतरेना. एरवी कलकलाट करणारा कळप चिडीचूप होऊन भट्टीच्या माथ्याकडे बघत राहिला. तिने एक तुकडा बुंध्याशी टाकला. पोटाशी पिल्लू असलेली एक मादी उतरली, तुकडा उचलून हुंगला, टाकून दिला आणि बोटं सालीवर घासघासून पुसली.

"या कोळशावर मी तर चूल पेटवायची नाही, पोरी," सोबत आलेली काझिजा म्हणाली.

मीझेने फावडं घेऊन भट्टी मधोमध फोडली. कोळशाबरोबर उस्सीच्या पट्ट्याचं बक्कल घरंगळत पायाशी आलं. मग ती हातांनीच उकरू लागली आणि हाडं लागली. माथा लिंपायला चढला होता तो, पायाखालचा थर खचून आत गेला होता. आणि वरून माती तिने लोटली होती.

काझिजा तिला मागे ओढू लागली. मीझेने तिचा हात घट्ट धरला.

"काझिजा बी, तो पेंबालाच गेलाय," ती म्हणाली. "त्या बाईकडेच गेलाय. सांग ना गं सगळ्यांना."