घरात कोण राहतं

लंडनच्या इल्फर्ड भागातल्या त्या छोट्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये एक खोटं गेल्या दसऱ्यापासून सुखाने नांदत होतं. खोटं असं, की उदय नोकरीसाठी एडिनबराला गेलाय. एडिनबराला तो गेला होता हे खरं, बँकेतली नोकरीही खरी. पण तिथे त्याने दुसरा संसार थाटला होता, आणि हे त्याची बायको मंजिरी आणि आई वैजयंतीबाई या दोघींनाही पक्कं ठाऊक होतं. फक्त एकमेकींपाशी त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असं न ठरवताच ठरलं होतं. मराठी मंडळात कुणी विचारलंच, तर सासूबाई म्हणायच्या, "त्याला सुटीच मिळत नाही हो," आणि मंजिरी शेजारी उभी राहून मान डोलवायची.

मंजिरी एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. तिच्या लेकीला, सात वर्षांच्या ईशिताला, सासूबाईच शाळेतून आणत, खाऊ घालत, तिच्या मोडक्यातोडक्या मराठीला हसत हसत वळण लावत. मूल सांभाळण्याच्या खर्चाला तेव्हा सरकार हातभार लावत असे, पण नोंदणी केलेल्या बाईकडे मूल ठेवलं तरच. आजीने घरात फुकट सांभाळलं तर सरकारदरबारी त्याची किंमत शून्य. मंजिरीने एकदा हे गंमत म्हणून सांगितलं, तर सासूबाईंचा चेहरा पडला. "म्हणजे माझा काही उपयोग नाहीच," त्या म्हणाल्या.

अलीकडे त्यांचं असंच चाललं होतं. जानेवारीच्या सेलमध्ये मंजिरीने त्यांना मरून रंगाचा एक छान कोट दाखवला, तर "मला कशाला आता?" म्हणत त्या पुढे चालू लागल्या. जेवणही कमी केलं होतं. लेकासाठी झुरताहेत, असं मंजिरीने धरून चाललं होतं. तिथेच तिचं चुकत होतं.

दोन हजार सहाच्या जुलैत टॅक्स क्रेडिट पुढे चालू ठेवायची वेळ आली. मुलं वाढवणाऱ्या आईबापांना त्यांच्या कमाईच्या मानाने सरकार तेव्हा जे पैसे देई, ते हे. नवरा-बायको एका घरात राहत असतील, तर दोघांची कमाई एकत्र धरायची. उदय घरी एक पेनी पाठवत नव्हता, पण त्याचा पगार मंजिरीच्या अर्जात ठाण मांडून बसला होता. त्यामुळे हातात पडायचे ते अगदीच किरकोळ पैसे. नवरा वेगळा झाला की लगेच कळवा आणि एकटीचा नवा अर्ज करा, असं सोबतच्या माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलं होतं. मंजिरीने ते वाचलं होतं, तिला ते कळलंही होतं. पण कळवायचं म्हणजे तोंडाने बोलायचं. तुमच्या मुलाने मला टाकलं, हे म्हातारीच्या देखत कुठल्या तोंडाने म्हणायचं?

भाडं थकलं तेव्हा मात्र तिचा नाइलाज झाला. एका शनिवारी सकाळी तिने हेल्पलाइनला फोन लावला. बराच वेळ नुसतं संगीतच वाजत राहिलं, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला आणि कणीक मळायला घेतली. समोर सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. तेवढ्यात पलीकडून एक बाई बोलू लागली. तिने नाव विचारलं, नंबर विचारला आणि मग विचारलं, "इज युअर पार्टनर स्टिल लिव्हिंग विथ यू?"

मंजिरीचे हात परातीतच थांबले. सासूबाईंना इंग्रजी बोलता येत नसे, समजायचं मात्र सगळं.

"अगं, सांग ना तिला," मेथीवरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "नाही राहत म्हणावं."

"आई..."

"आणि माझं विचारलंन, तर सांग, मीही जाणार आहे. सांगलीला पुतण्याला कळवलंय मी. बॅग भरून ठेवलीय पलंगाखाली. मुलगाच या घरचा राहिला नाही, तर मी तुझी कोण?"

मंजिरीला आधी रागच आला, आणि मग स्वतःची लाज वाटली. इतके महिने ही बाई आपल्याच घरात पाहुण्यासारखी बिचकून वागत होती, एक पोळी कमी खात होती, आणि आपण त्याला पुत्रप्रेम समजत होतो!

"हॅलो? मिसेस शेवडे?"

"नो," मंजिरी म्हणाली. "ही डझन्ट लिव्ह हिअर. सिन्स लास्ट ऑक्टोबर."

मग पलीकडच्या बाईने सगळं नीट समजावून सांगितलं. दोघांच्या नावचा अर्ज आता बंद होईल. उशिरा कळवल्यामुळे आधीचे काही पैसे परत करावे लागतील. नव्या अर्जात फक्त मंजिरीची कमाई धरली जाईल, म्हणजे दर महिन्याला बरेच जास्त पैसे मिळतील. मंजिरी नुसती "येस, येस" म्हणत होती. तिचा आवाज कापतोय हे त्या बाईच्या लक्षात आलं असावं.

"इज समवन देअर विथ यू?" तिने हळूच विचारलं.

"येस," मंजिरी म्हणाली. "माय मदर. शी लिव्हज हिअर."

फोन ठेवून झाला. मेथीच्या काड्या कागदात गुंडाळून सासूबाई उठल्या, नळाखाली हात धुतले आणि पदराला पुसत राहिल्या.

"मंजिरी," त्या म्हणाल्या, "थंडी पडली की मला तसला मरून कोट घे हं."