मशेरीचं सोंग

मला तेव्हा माझ्याच तोंडाची किळस यायची. चौदाव्या वर्षी फिट यायला लागल्या, लोणावळ्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, फिट थांबल्या आणि हिरड्या वाढायला लागल्या. साठच्या दशकातली ही गोष्ट. अठराव्या वर्षापर्यंत हिरड्या दातांवर निम्म्यापर्यंत उतरल्या होत्या. लाल, फुगलेल्या, जरा बोट लागलं की रक्त. आरशात हसून बघितलं तर दातांऐवजी मांसच दिसायचं. मी हसणंच सोडलं. डॉक्टर म्हणाले होते, हे गोळीनं होतं, दात स्वच्छ ठेव, पण गोळी सोडू नकोस. सोडलीस तर एक दिवस चुलीत नाहीतर विहिरीत पडशील.

सोमाटण्याच्या अलीकडच्या आमच्या गावात फेफरं म्हटलं की मुलीच्या लग्नाचा विषयच संपायचा. म्हणून काकीनं शक्कल काढली.

"मशेरीनं झालं म्हनायचं. मशेरीला कोन नावं ठेवतंय?"

खरंच कोणी ठेवत नव्हतं. गावातल्या निम्म्या बायकांची सकाळ तव्यावर भाजलेल्या त्या तंबाखूनंच उजाडायची. पण नुसतं म्हणून भागेना, चारचौघींना दिसायलाही हवं. मग रोज सकाळी मला पाणवठ्यावर बायकांत बसवायला लागले. तळहातावर काळी पूड घ्यायची आणि सुजलेल्या हिरड्यांवर बोटानं घासायची. आग व्हायची, रक्त आणि काळी थुंकी एकदमच गळायची, डोकं गरगरायचं. पहिल्या दिवशी मी तिथंच ओकले. बायका हसून म्हणाल्या, होईल सवय. कसली सवय! पुढं पुढं नुसता वास आला तरी मी तोंड फिरवायची. आई मात्र म्हणायची, "थोडं दिस काढ गं."

मग बेडशाकडचं एक स्थळ आलं. मुलगा कारखान्यात नोकरीला. पुरुषमाणसं ओसरीवर चहा घेत बसली आणि मुलाची आई आत आली. तिनं सरळ माझी हनुवटी धरली.

"आ कर बगू."

तीही मशेरीवालीच. आपलं काळं बोट तिनं माझ्या हिरडीवरून फिरवलं, बाजारात बैलाचे दात बघतात तसं. मला शिसारी आली.

"लयच वाढल्यात की. कवापास्नं लावतीस?"

"ल्हानपनापास्नं," आई मागून म्हणाली.

"आसूं दे. आमच्यात समद्याच लावत्यात."

म्हणजे जमल्यातच जमा होतं. आईचा चेहरा उजळला. माझ्या जिभेवर अजून त्या बोटाची चव होती, आणि वाटलं, आता जन्मभर ही घाण तोंडात धरायची.

"मावशी, मशेरीनं न्हाई," मी म्हणाले. "फिटच्या गोळीनं झालंय. रोज घ्यावी लागती."

बाईनं हात झटकन मागं घेतला. कोपऱ्यातल्या तांब्यातलं पाणी घेऊन तिनं ते बोट धुतलं, पदराला पुसलं, पुन्हा धुतलं. तंबाखूनं काळं पडलेलं बोट, इतकी वर्षं ते तिला घाण वाटलं नव्हतं! तो तांब्याच फेकून द्यावा असा मला संताप आला. पाहुणे अर्धा चहा टाकून उठले.

ते गेल्यावर आई भिंतीला टेकून रडत बसली.

"कशापायी बोललीस?"

"मग सासरी रोज गोळी कुटं लपवून खाल्ली असती मी?"

"गोळी कशाला?" आई डोळे पुसत म्हणाली. "लगीन झालं की बंदच करायची हुती. काकीचं न् माजं ठरलं हुतं. गोळी गेली की तोंडबी सुधारलं असतं तुजं."

हे ती इतक्या मायेनं म्हणाली की मला तिचीही किळस आली. त्या दिवसापासून गोळ्यांची बाटली मी माझ्या ट्रंकेत ठेवली आणि किल्ली गळ्यात घातली.